टीव्ही निर्मात्याचा ब्राँझचा अर्धपुतळा करून घेतोय, नाशिककरांनो मार्गदर्शन करा

गोदाकाठकर

मंडळी, जरा लांबलचक लिहितोय पण विषयच तसा आहे, शेवटपर्यंत वाचा.

आमचे एक सर होते. पंचवटीत वाढलेले, मुंबई दूरदर्शनला निर्माता म्हणून उमेदीची सगळी वर्षं काढली, खाजगी चॅनेलं आल्यावर स्वतःचं प्रॉडक्शन काढलं आणि शेवटी नाशिकला परत येऊन राहिले. दर मे महिन्यात इथल्या पोरापोरींसाठी शिबिर घ्यायचे, कॅमेरा कसा धरायचा इथपासून बजेटचा कागद कसा लिहायचा इथपर्यंत सगळं, आणि एक पैसा न घेता. आज मुंबईत एडिटिंगला, साउंडला, लाइटला नाशिकची जी माणसं दिसतात त्यातली बरीचशी या शिबिरातून गेलेली, मीही त्यातलाच. गेल्या वर्षी सर गेले. ज्या हॉलमध्ये शिबिर व्हायचं तिथेच त्यांचा ब्राँझचा अर्धपुतळा बसवायचं आम्ही ठरवलंय. हॉलच्या ट्रस्टने जागा दिली, पैसे जमतायत, शिल्पकारही ठरलाय, मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयाचा आहे आणि त्याची आधीची कामं आम्ही प्रत्यक्ष जाऊन बघून आलोय.

अडलंय ते फोटोंवर. शिल्पकार म्हणतो समोरून, दोन्ही बाजूंनी, जमलं तर मागून असे स्वच्छ फोटो द्या. सर जन्मभर कॅमेऱ्याच्या मागे उभे राहिले, त्यांचे फोटो काढणार कोण? घरी एक पासपोर्ट साइज आहे, नातीच्या लग्नातले चार-पाच आहेत आणि बाकी ग्रुप फोटोत कोपऱ्यात अर्धा चेहरा. शिवाय आमच्यातल्या काहींचं म्हणणं आहे की ब्राँझ कशाला, फायबरचा करून वरून ब्राँझ फिनिश द्या, दिसायला तेच आणि खर्च खूप कमी. आणि तिसरं म्हणजे चष्मा, ठेवायचा की नाही यावर रोज ग्रुपवर भांडणं चालू आहेत. अनुभवी लोकांनी बोला.

मातीकाम

मी व्यक्तिशिल्पं करतो, इंदिरानगरला छोटा स्टुडिओ आहे. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा: साम्य मातीच्या मूळ नमुन्यात येतं. ब्राँझमध्ये नवीन काहीही येत नाही, मातीत जे असेल तेच येतं, तेही किंचित लहान होऊन. होतं काय, कार्यक्रमाची तारीख आधी ठरते, पाहुण्यांची वेळ घेतली जाते आणि मग शिल्पकाराच्या मागे लागतात की उरका. माती घरच्यांनी पास करेपर्यंत तारीख ठरवूच नका, निमंत्रणपत्रिकेचा विषयसुद्धा काढू नका.

फोटोंचं सांगतो. मोबाइलने जवळून काढलेले फोटो फसवतात, वाइड लेन्समुळे नाक मोठं होतं आणि कान मागे पळतात, त्यावरून काम केलं तर चेहरा चुकणारच. लग्नाच्या फोटोग्राफरने लांबून टेलीवर, म्हणजे दूरचं जवळ आणणाऱ्या लेन्सवर, काढलेले असतील ते सोन्यासारखे, त्याच्याकडे मूळ फाइल्स मागा, अल्बममधले टचअप केलेले नकोत, त्यात सुरकुत्या पुसलेल्या असतात आणि आम्हाला नेमक्या त्याच हव्या असतात. फ्लॅशमध्ये चेहरा सपाट होतो, तेव्हा खिडकीजवळचे, बाजूने उजेड पडलेले बघा. कपाळ कुठे वळतं, गालाचं हाड कुठे आहे हे सावलीवरूनच कळतं.

आणि सरांचा चष्मा घरी आहे का? असेल तर आजच शिल्पकाराकडे पोचवा. काडीच्या आतल्या बाजूला बारीक आकडे असतात, ५२ १८ १४० असं काहीतरी. ५२ म्हणजे काचेची रुंदी, १८ म्हणजे नाकावरच्या पुलाची, १४० काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. समोरून काढलेल्या फोटोत तोच चष्मा असेल तर त्यावरून स्केल मिळतं, मग दोन डोळ्यांतलं अंतर, नाकाची लांबी, हनुवटी सगळं मोजता येतं. माणूस नसताना कॅलिपर लावायला एवढा भरवशाचा आधार दुसरा मिळत नाही.

कॉलेजरोड

हल्ली फोटोवरून थ्रीडी मॉडेल करून देतात की, एक फोटो टाकला की दहा मिनिटांत सगळं डोकं तयार. प्रिंट काढून थेट मोल्ड करा, मातीचा एवढा खटाटोप कशाला?

मातीकाम

@कॉलेजरोड, स्कॅनिंगला माझा विरोध नाही, छोटं मॉडेल मोठं करायला मीही वापरतो. पण स्कॅनला माणूस समोर लागतो, नाहीतर एकाच वेळी चहूबाजूंनी काढलेले ढीगभर फोटो लागतात. एका फोटोवरून जे डोकं तयार होतं त्यात जे फोटोत नाही ते सॉफ्टवेअर मनाने भरतं, आणि ते भरतं सरासरी माणसाचं. कान सरासरी, मान सरासरी. ओळखीच्यांना समोरून बरं वाटतं आणि दोन पावलं बाजूला सरकले की परका माणूस. अर्धपुतळ्याभोवती लोक फिरतात, तो काही भिंतीवरचा फोटो नाही.

बाहेरगावचं बघायचं असेल तर सगळ्यांनी एकदा अलिबागजवळ सासवण्याला करमरकरांचं शिल्पालय बघून या. पुण्यातला १९२८ चा अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा ज्यांनी केला ते हे विनायकराव करमरकर. तिथे साध्या माणसांची व्यक्तिशिल्पं आहेत, कोणाचं नावही माहीत नसताना आपण समोर थांबतो. कमिशन देणाऱ्यांनी तरी हे बघावंच, म्हणजे शिल्पकाराकडून काय मागायचं ते कळतं.

युमॅटिक

मी दूरदर्शनला एडिटिंगला होतो, आता सिडकोत असतो. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई केंद्र सुरू झालं त्या पहिल्या पिढीनंतरचा मी. तुम्ही कोणाबद्दल लिहिताय याचा अंदाज आला आणि वाचताना गलबलून आलं. निर्माता म्हणजे काय हे लोकांना माहीतच नसतं, पडद्यावर शेवटी एक पाटी सरकते तेवढंच. खरं म्हणजे कलाकार ठरवण्यापासून ते सेटवरच्या चहापर्यंत आणि कार्यक्रम चुकला तर वरून बोलणी खाण्यापर्यंत सगळं त्याच्या डोक्यावर. तेव्हा पुतळा होतोय हे फार योग्य होतंय.

फोटो नाहीत म्हणता, पण फुटेज? एडिट झालेल्या कार्यक्रमात निर्माता सापडणार नाही, आणि त्या काळच्या टेपा महाग म्हणून पुसून परत वापरल्या जायच्या, तेव्हा तिथे आशा कमी. रॉ फुटेज शोधा. टेक सुरू व्हायच्या आधीचे आणि कट म्हटल्यानंतरचे ते चार सेकंद, कॅमेरा चालू असतो आणि निर्माता फ्रेममध्ये येऊन काहीतरी सांगून जातो. सत्कार, निरोपसमारंभ यांची व्हीएचएस बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमचं शिबिर! कॅमेरा शिकणारी पोरं सराव कशावर करणार? समोर बोलणाऱ्या सरांवरच ना? त्या सरावाच्या टेपा कुठे आहेत?

फ्रीज फ्रेम काढताना एक सांभाळा. जुनं व्हिडिओ पाल पद्धतीचं असतं, ७२० बाय ५७६, आणि इंटरलेस्ड, म्हणजे एक फ्रेम दोन फील्डची, एकीत सम ओळी आणि दुसरीत विषम. मान वळत असताना फ्रेम थांबवली तर कडा कंगव्यासारख्या दातेरी दिसतात. डी-इंटरलेस करून एकच फील्ड घ्या किंवा मान वळून क्षणभर स्थिर होते ती जागा पकडा. रिझोल्यूशन कमी असलं तरी वळणाऱ्या मानेच्या लागोपाठच्या फ्रेम दिल्या तर शिल्पकाराला समोरपासून प्रोफाइलपर्यंतचा पूर्ण आकार मिळतो. मॉनिटरवर दाखवू नका, प्रिंट काढून भिंतीवर ओळीने लावा.

गोदाकाठकर

@युमॅटिक काका, काय बोलू तुम्हाला! हॉलच्या स्टोअरमधल्या लोखंडी कपाटात मिनी डीव्हीच्या टेपांचा अख्खा खोका निघाला. आमच्याच बॅचमधल्या एकीकडे जुना हँडीकॅम चालू स्थितीत आहे, फायरवायरची केबल पण मिळाली, रोज रात्री बसून टेपा उतरवतोय. सर फळ्याकडे वळतायत, खाली वाकून ट्रायपॉड लेव्हल करतायत, कोणाचं तरी ऐकताना मान तिरकी करतायत. झूम हलतोय, फोकस जातोय, शिकाऊ हात सगळे, पण डावी बाजू, उजवी बाजू, मागचं डोकं सगळं आहे त्यात.

वकीलकाका

जागा खाजगी हॉलची आहे हे बरं झालं. चौकात, बागेत, रस्त्याच्या कडेला म्हणाला असता तर गोष्ट वेगळी होती. सार्वजनिक जागेतल्या पुतळ्यांसाठी राज्य सरकारचा २०१७ चा शासन निर्णय आहे, जिल्हाधिकारी कार्यालयाची परवानगी आणि मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. शिवाय सुप्रीम कोर्टाचा जानेवारी २०१३ चा आदेश आहे, रहदारीला अडथळा होईल अशा सार्वजनिक जागी पुतळ्याला परवानगी द्यायची नाही. तुम्ही आतच बसवताय, तरी ट्रस्टचा ठराव लेखी घ्या, त्यात जागेचं माप आणि पुढची देखभाल कोणाकडे हे येऊ द्या. विश्वस्त बदलतात.

शिल्पकाराशी करार साध्या भाषेत करा पण करा. पैशाचे हप्ते कामाच्या टप्प्याला बांधा: ऑर्डरला, माती पास झाल्यावर, ओतण्याआधीची मेणाची प्रत तपासल्यावर आणि बसवून झाल्यावर. माती पास कोण करणार त्याचं नाव लिहा. एकच माणूस, फार तर दोन. वीस जणांच्या कमिटीने चेहरा पास करायचा म्हटलं तर शिल्पकार वेडा होईल आणि चेहरा कोणाचाच राहणार नाही.

सातपूरवाला

फायबरच्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही म्हणून लिहितो, ओतकामात बरीच वर्षं काढलीत.

फायबर म्हणजे काचेचे तंतू आणि रेझिन. वर ब्राँझची पावडर मिसळून पॉलिश करतात, नवं असताना चांगलं दिसतंही. उन्हात रेझिन पिवळं पडतं, पृष्ठभाग खडूसारखा होतो, कोपरा आपटला की कपची उडते. आत हॉलमध्ये त्यापेक्षा टिकेल, पण रंग देऊन देऊन तपशील बुजत जातो. ब्राँझ मात्र जुनं होताना सुधारतं. पैसे खरंच कमी असतील तर थांबा, आकार थोडा लहान करा, पण धातूतच करा हे माझं मत.

कोटेशनमध्ये 'ब्राँझ' एवढंच लिहून घेऊ नका, मिश्रण लिहून घ्या. आपल्याकडे ८५-५-५-५ चांगलं चालतं, म्हणजे तांबं ८५, कथील ५, जस्त ५, शिसं ५ टक्के. नुसतं पितळ ओतून वर काळपट रंग मारून देणारे आहेत. जाडीही लिहा, साधारण ५ मिलिमीटर. वजनाचा हिशोब सोपा आहे: पृष्ठभाग एक चौरस मीटर धरला तर ५ मिलिमीटरने ५ लिटर धातू झाला, लिटरला पावणेनऊ किलो धरलं तर ४४ किलोच्या आसपास. तुमचं माप तुम्ही घालून बघा. पुतळा फारच हलका निघाला तर पातळ ओतलाय, फार जड निघाला तर कुठेतरी नको तेवढा जाड आहे आणि जाडीत फरक पडला की थंड होताना तिथे खड्डा पडतो.

पंचवटीकर

आपल्या गावात तांबट आळी असताना बाहेर कशाला जायचं? पिढ्यानपिढ्या तांब्या-पितळेचं काम करणारी माणसं आहेत. गावच्या माणसाचं काम गावात होऊ दे.

सातपूरवाला

@पंचवटीकर, भावना समजली, पण तांबटांचं काम पत्रा ठोकून घडवायचं, हंडा-घागर ठोक्यावर उभी राहते आणि ती कला मोठीच आहे. हे ओतकाम आहे, वेगळा धंदा. तसंच सातपूर-अंबडला फाउंड्र्या आहेत पण बहुतेकांची सवय पंप, व्हॉल्व्ह, बुशच्या कास्टिंगची, वाळूच्या साच्यात. चेहऱ्याला मेणाची पद्धत लागते. मातीवर साचा, साच्यातून पोकळ मेणाची प्रत, तिच्या आत कोअर, वर मेणाच्याच नळ्या, धातू आत जायला रनर आणि हवा बाहेर यायला रायझर, मग सगळ्यावर प्लास्टर आणि सुरखीचं जाड लिंपण. ते भट्टीत तापवून मेण वितळवून काढायचं आणि त्या रिकाम्या जागेत ११००-११५० डिग्रीचा रस सोडायचा.

इथे पावसाळ्याचं भान ठेवा. लिंपणात ओल राहिली तर रस आत गेल्या गेल्या वाफ होते, मग चेहऱ्यावर पिनहोल पडतात आणि जोरात उडालं तर माणसं भाजतात. जुलै-ऑगस्टमधे साचे वाळायला फार वेळ लागतो. कार्यक्रमासाठी फाउंड्रीला ढकलू नका. एका संस्थेच्या पुतळ्याचं असंच घाईत ओतलं होतं, गालभर बारीक भोकं, वेल्डिंगने भरली आणि पॅटिना, म्हणजे धातूवर रसायनांनी आणलेला रंग, चढवल्यावर प्रत्येक ठिगळ वेगळ्या रंगाचं दिसायला लागलं.

परदेशस्थ नाशिककर

निर्मात्यांचे पुतळे जगात होतात बरं का. लॉस एंजेलिसला नॉर्थ हॉलिवूडमध्ये टेलिव्हिजन अकॅडमीचा हॉल ऑफ फेम आहे, तिथे चौकात टीव्हीतल्या मोठ्या माणसांचे ब्राँझचे पुतळे आणि अर्धपुतळे मांडलेत. १९८४ च्या पहिल्याच यादीत नॉर्मन लिअरसारखा निर्माता होता. आणि आपण तर फाळक्यांच्या गावचे, त्र्यंबकला जन्मलेला माणूस, १९४४ ला नाशकातच गेला, पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. ते जे.जे.त शिकले, मग बडोद्याच्या कलाभवनात. सिनेमाच्या माणसाची आठवण गावाने ठेवली, टीव्हीच्या माणसाची तुम्ही ठेवताय, मनापासून अभिनंदन.

गोदाकाठकर

आज माती बघायला गेलो होतो, सरांच्या धाकट्या मुलीला घेऊन. पास करायचा अधिकार तिलाच दिलाय.

चष्म्याचं आधी सांगतो. शिल्पकाराने डोळे पूर्ण घडवलेत, पापण्यांची जाडी, खालची पिशवी, बुबुळाच्या जागी खोल कोरून वर मातीचा एक कण ठेवलाय म्हणजे त्यावर उजेड पडून नजर जिवंत होते. मग खऱ्या चष्म्याची तारेची प्रतिकृती त्याने चेहऱ्यावर चढवून दाखवली आणि काढून दाखवली. काढल्यावर कोणी सभ्य गृहस्थ, चढवल्यावर सर. वाद तिथेच मिटला. फ्रेम पितळी सळईची वेगळी करणार, काचा नाहीत, काड्या कानामागे पिनेने बसवणार.

पण एवढं होऊनही काहीतरी बसत नव्हतं. नाक बरोबर, कपाळ बरोबर, ओठांचा तो डावा कोपरा बरोबर. ताईने दोन-तीन चकरा मारल्या आणि म्हणाली, बाबा असे ताठ कधी बसले नाहीत, मॉनिटर बघून बघून त्यांची मान कायम थोडी पुढे असायची. शिल्पकाराने भिंतीवरच्या फ्रीज फ्रेम बघितल्या, प्रत्येक प्रोफाइलमध्ये कान खांद्याच्या पुढे. त्याने मानेमागची माती तारेने कापली, आतला आर्मेचरचा, म्हणजे मातीला आधार देणाऱ्या सांगाड्याचा, पाइप दोन्ही हातांनी धरून हळूहळू पुढे वाकवला, मागे पडलेली भेग ओल्या मातीने भरली. अंगठ्याएवढा फरक असेल. ताई रडायलाच लागली आणि आम्हीही. तरी तिने आज पास केलं नाही, आठवड्याने आईला घेऊन परत येणार म्हणाली, आणि शिल्पकाराला ते आवडलं.

मातीकाम

फार सुंदर काम चाललंय. पाइप वाकवायची तयारी दाखवणारा शिल्पकार मिळाला हे तुमचं नशीब, बरेच जण अशा वेळी गालावर पोत करत बसतात. एवढ्या मुदतीत मातीला जपायला सांगा, नाशिकचा एप्रिल आहे, ओलं फडकं आणि वर प्लास्टिक सकाळ-संध्याकाळ बघावं लागतं, नाहीतर नाकाच्या बाजूने पहिली चीर जाते.

आकार काय ठरलाय? हॉलमध्ये असला तरी जेवढ्यास तेवढा करू नका, चौथऱ्यावर चढला की लहान दिसतो, शिवाय मेण आणि धातू दोन्ही आकसतात. सव्वापट बाहेरच्या जागेला, आत थोडा कमी चालतो. डोळे बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या किंचित वर येतील असा चौथरा ठेवा. आणि दिवा वरून, समोरून जरा बाजूला. खालून किंवा नाकासमोरून ट्यूब मारलीत तर मातीत केलेली सगळी मेहनत वाया. पॅटिना काळा नको, तपकिरी घ्या, हॉलच्या उजेडात काळ्या चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत.

गोदाकाठकर

आईंनी माती पास केली! साचा उद्यापासून. तारीख मात्र कोणालाही सांगितलेली नाही, दिवाळीनंतर बघू.

शेवटचा प्रश्न पाटीचा. देणगीदारांची नावं चौथऱ्यावर हवीत असा एका गटाचा आग्रह आहे.

वकीलकाका

चौथऱ्यावर नाव, जन्म-मृत्यूचं साल, 'दूरदर्शन निर्माता' आणि शिबिराचा एक उल्लेख. देणगीदारांचा बोर्ड बाजूच्या भिंतीवर, वाचता येईल अशा अक्षरात, त्यात सगळे येऊ द्या, पन्नास रुपये देणाराही.

मातीकाम

आणि शिल्पकाराची सही, साल आणि फाउंड्रीचं नाव मेणातच मागच्या बाजूला कोरून घ्या. पाटीवरची नावं पुसतात, धातूतलं राहतं. ज्यांनी हातांनी केलं त्यांची नावं महाराष्ट्रातल्या कितीतरी पुतळ्यांवर सापडत नाहीत, पडद्यामागच्या माणसाच्या पुतळ्यावर तरी असं नको व्हायला. देखभालीचं म्हणाल तर कोरड्या मऊ फडक्याने धूळ आणि वर्षातून एकदा पारदर्शक वॅक्सचा हलका हात. हारासोबत हळद-कुंकू, तेल, दूध काही लावू देऊ नका आणि ब्रासोसारखं पितळ घासायचं पॉलिश तर हॉलमध्येच ठेवू नका, एका दुपारीत पॅटिना जातो.

गोदाकाठकर

सही आणि फाउंड्रीचं नाव करारात टाकलं, ब्रासोचं ट्रस्टच्या शिपायांना आजच सांगून आलो. मेणाची प्रत तयार झाली की तपासायला जाणार आहोत, सातपूरवाला तुम्ही बरोबर याच, रनर कुठून जोडलेत ते आम्हाला काय कळणार. आणि युमॅटिक काका, टेपा सगळ्या उतरवून झाल्या की एक हार्ड डिस्क तुमच्याकडे पोचवतो, पत्ता व्यनि करा.